मामा धूसर, दाजी स्पष्ट

आमच्या तामलवाडीच्या मामांना एकाच वास्तुशांतीचा आहेर दोनदा झाला. भूम तालुक्यात हा मान याआधी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. तसा तो मामांनाही मिळायचं काही कारण नव्हतं. कारण मी होते.

मी भूमच्या एका शाळेत गणित शिकवते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी धाराशिवला जाऊन डीएसएलआर कॅमेरा घेतला. दुकानदारानं विचारलं, "मॅडम, आधी कधी वापरलाय का?" मी म्हटलं, "नाही, पण पुस्तक देता ना सोबत?" त्यानं पुस्तक दिलं. ते मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या आणि दोनशे पानी वहीत टिपणं काढली. शटरच्या वेगावर तर आलेखसुद्धा काढला! फोटो मात्र आमच्या नव्या घराच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीचे तीन, एवढेच काढले. आधी अभ्यास, मग प्रात्यक्षिक, हा माझा वर्गातला नियम आहे आणि तो मी घरीही पाळते.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चाक असतं. त्यावर 'ऑटो' म्हणून एक खूण असते. ती लावली की सगळं कॅमेरा ठरवतो, आपण फक्त बटण दाबायचं. मला हे अजिबात पटलं नाही. म्हणजे गाईड घेऊन पास होण्यातलाच प्रकार की! मी चाक सरळ 'एम'वर आणलं. एम म्हणजे मॅन्युअल, सगळं आपल्या हाताने. मग लेन्सच्या कुशीत आणखी एक बारकं बटण दिसलं. तिथंही ए आणि एम. आता वर एम आणि खाली ए, हा दुटप्पीपणा मला जमेना. तेही एमवर ढकललं आणि मी निश्चिंत झाले. (त्या बारक्या बटणाची माहिती पुस्तकात शेवटून दुसऱ्या पानावर होती. तिच्याखाली मी रेघही मारलेली होती. ऐन परीक्षेत आठवत नाही ते नेमकं हेच.)

आता मामा. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, एकुलते एक. सासूबाईंना मी आत्या म्हणते. बावीस वर्षांपूर्वी आमच्या लग्नात मामांना पोशाख केला गेला: धोतर, शर्टाचं कापड, टॉवेल आणि वर फेटा. आमच्याकडे नवरदेवाच्या मामाचा मान मोठा असतो, आणि तो मान झाल्याचा पुरावा म्हणजे फोटो. अल्बम आला. त्यात मामांचा फेटा बांधतानाचा एकच फोटो होता आणि त्यात मामांच्या तोंडावर कुणाचा तरी पंजा! तो पंजा दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, ईट गावचे. ते नेमके त्याच क्षणी मध्ये हात घालून कुणाला तरी "चला, पंगत बसली!" म्हणून बोलवत होते.

मामांनी अल्बम मिटला आणि म्हणाले, "जावयाचा हात माझ्या तोंडावर. एवढाच ना माझा मान?"

तेव्हापासून मामा आमच्याकडे जेवले नाहीत. कुणाच्या आजारपणाला यायचे, मयतीला यायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. भाऊबीजेला आत्या पाट मांडून बसायच्या आणि मामांची साडी एसटीनं यायची, कंडक्टरच्या हाती. आत्या त्या कंडक्टरला घरी बोलावून फराळ द्यायच्या. ओवाळायचं तेवढं बाकी ठेवायच्या.

मग आम्ही भूमला घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण करायला आत्यांनी स्वतः मामांना फोन लावला. पलीकडून मामांनी आधी तारीख नीट विचारून घेतली. मग म्हणाले, "येतो, आक्का. पर फोटो पायजे. माझा एकट्याचा. मोठ्ठा. फ्रेम करून."

"व्हय रं बापू, व्हय! फोटोत तू अन् तूच," आत्या म्हणाल्या आणि फोन ठेवून देवापुढं साखर ठेवायला गेल्या.

नवरा म्हणाला, "चौकातल्या फोटोग्राफरला सांगून येतो."

"घरात एवढा कॅमेरा असताना?"

"अगं, पण तुला येतो का तो?"

"दोनशे पानी वही भरलीय मी, अहो!"

आत्या देवघरातून बाहेर आल्या. "सूनबाई, माझं माहेर म्हंजी एवढा एक भाऊ. त्याचा फोटो चुकला तर मला पुन्ना माहेर न्हाय. बघ बाई, तुझ्यानं व्हत असंल तर हो म्हन."

"आत्या, तुम्ही अगदी निर्धास्त राहा," मी म्हटलं. इतक्या निर्धास्तपणे मी आयुष्यात कधी काही बोलले नव्हते.

वास्तुशांतीच्या दिवशी मी कॅमेरा गळ्यात घालून मांडवात उभी राहिले. गळ्यात कॅमेरा असला की माणूस आपोआप हुकूम सोडायला लागतो. दहा-बारा जणांनी मोबाईल वर काढलेले बघून मी वर्गातल्या आवाजात ओरडले, "मोबाईल खाली! सगळ्यांनी! मध्ये हात येतात. मी काढतेय ना!" सगळे मोबाईल खिशात गेले. दाजींना तर मी हाताला धरून पार मागं, पाण्याच्या टाकीजवळच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. "दाजी, पोशाख होईपर्यंत इथनं उठायचं नाही."

"वैनी, बसतो की! गुलाबजाम तेवढं द्या म्हंजी टाइमपास व्हईल," दाजी म्हणाले. (आमच्या भूमच्या खव्याचे गुलाबजाम. जावयाला नाही कसं म्हणणार?)

मामा पुढच्या खुर्चीवर बसले. नवऱ्यानं त्यांना केशरी फेटा बांधायला घेतला. मामांनी श्वास रोखला, छाती काढली, मिशा सावरल्या. मी एक डोळा मिटून बटण दाबलं. खटॅक! काय तो आवाज! त्या आवाजानंच मला वाटलं की फोटो आला.

"झाला का, सूनबाई?" मामा ओठ न हलवता विचारायचे.

"एक अजून, मामा!"

असे शेहेचाळीस काढले. मग पदराची सावली धरून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं. टपाल तिकिटाएवढे मामा, डोक्यावर केशरी फेटा. अगदी ऐटीत! मी हात वर करून "झकास!" म्हणाले आणि मामांनी बावीस वर्षं रोखलेला श्वास सोडला.

मामा पंगतीला बसले. आमच्या घरी, आमच्या ताटात! आत्या त्यांच्यापुढं वाढायला उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. भात वाढताना त्यांचे डोळे वाहत होते, आणि पदर खोचलेला असल्यामुळं त्या ते कोपरानं पुसत होत्या. मला फार बरं वाटलं. स्वतःचा अभिमानही वाटला, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला. "चला, सगळे बसून बघू." कॅमेऱ्यातलं कार्ड काढून मी लॅपटॉपला लावलं. आत्या पुढं सरकून बसल्या. नणंद आणि दाजी मुक्कामालाच होते, तेही आले. पहिला फोटो उघडला.

पुढं एक मोठा केशरी ढग होता. ढगाखाली पांढरा ढग. दोन्ही ढगांच्या मधून, मागच्या खुर्चीवर, दाजी! इतके स्पष्ट की त्यांच्या चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा दिसत होता. चमच्यावर गुलाबजाम होता आणि त्यातून ओघळणारा पाकाचा थेंब हवेत होता.

मी घाईनं पुढचा फोटो लावला. ढग तोच, दाजी दुसरा गुलाबजाम खाताहेत. नवव्या फोटोत दाजी मोटारसायकलच्या किल्लीनं कान कोरताहेत. सतराव्यात त्यांनी जांभई दिलीय आणि अक्कलदाढेत भरलेली चांदी दिसतेय. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस फोटोंत दाजी!

भानगड काय झाली ते मला तेव्हा कळलं. लेन्सवरचं बारकं बटण एमवर असलं की कॅमेरा स्वतः नजर लावत नाही. आपण लेन्सची कडी फिरवून लावावी लागते. मी कडी फिरवली होती ती एकदाच, त्या तीन फोटोंच्या वेळी. टाकीवर. आणि टाकीजवळ दाजींना मीच नेऊन बसवलं होतं.

"फोकस मातर एक नंबर आलाय," नवरा म्हणाला.

"ह्यात बापू कुठाय?" आत्यांनी विचारलं.

"तो... केशरी दिसतोय ना, आत्या, तो."

दाजी मात्र खूश होते. "वैनी, लई भारी काढल्यात! माझं असं फोटो लग्नात पन कुनी काढलं नव्हतं. सगळं पाठवा मला!"

तेवढ्यात मामांचा फोन आला. "सूनबाई, भिंतीला खिळा ठोकून ठिवलाय. फोटो कवा येतोय?"

"मामा, ते... धुवायला टाकलेत," मी म्हणाले. (डिजिटल कॅमेऱ्याचे!)

मग मी सगळ्या नातेवाइकांना फोन लावायचा सपाटा लावला. मामांचा एखादा फोटो, मोबाईलवरचा का होईना, कुणाकडं आहे का? सगळीकडून एकच उत्तर. "तुम्हीच म्हणला ना, मोबाईल खाली म्हणून!" आयुष्यात पहिल्यांदा आमच्या पाहुण्यांनी कुणाचं तरी ऐकलं होतं. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला रागावून बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

शेवटी नवऱ्यानं डोकं चालवलं. त्यानं मामांना फोन लावला. "मामा, मांडवाच्या कापडाखाली तुमचं रूप उठून दिसंना. तुमचा फोटो तुमच्याच दारात पाहिजे. आई स्वतः पोशाख घेऊन येती तामलवाडीला. फक्त फेटा तो केशरीच ठेवा."

मामा जरा थांबले. "...व्हय. ठिवतो की. आन आक्काला सांग, मी वास्तुशांतीला दिल्यालं डाळिंबी इरकलच नेसून ये म्हनावं. फोटोत दोघं येऊ."

फोन ठेवला आणि बघतो तर आत्यांचा चेहरा उतरलेला. "डाळिंबी इरकल मी वन्संला दिलं की गं, जाताना," त्या हळूच म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या नणंदेला. आमच्याकडं आहेराची साडी अशी पुढं जातेच, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. फक्त ती ज्यानं दिली त्याला कळायचं नसतं, एवढाच नियम. आत्यांच्या वन्संना फोन लावला. त्यांनी ती जावेला दिली होती. जावेनं विहिणीला. विहीण बार्शीची. दोनच दिवसांत साडी जिल्हा ओलांडून गेली होती, आणि तिचा माग काढणारे आम्ही अजून भूममध्येच!

भूमच्या बाजारात डाळिंबी इरकल मिळालं नाही. मोरपंखी मिळालं. "उन्हात तसंच दिसतंय," असं मी आत्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी वर्गात वापरते.

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. भूम ते धाराशिव, धाराशिव ते तुळजापूर, तुळजापूर ते तामलवाडी, तीन एसट्या. कॅमेरा मी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता, आणि आत्यांच्या मांडीवर मामांच्या दुसऱ्या पोशाखाची पिशवी होती. यावेळी दोन्ही एम सोडून दिले होते. चाक ऑटोवर आणि बारकं बटणही ए वर. स्वाभिमान भूमच्या स्टँडवरच उतरवून ठेवला होता म्हणा ना!

मामा दारात उभे होते. आणि त्यांच्या डोक्यावर फेटा होता गुलाबी.

मामा आत्यांच्या साडीकडं बघत राहिले. आत्या मामांच्या फेट्याकडं.

"आक्का, म्या दिल्यालं इरकल डाळिंबी हुतं."

"ते... उन्हात असं दिसतंय."

"ऊन कुठाय? सकाळधरनं आभाळ हाय."

"आन तुझा फेटा केशरी हुता की रं!"

"धुतला. रंग उतरला."

"केशरी उतरून गुलाबी?"

मामी चहा घेऊन बाहेर आल्या. मामी कमी बोलतात, पण बोलल्या की पुरतं. "कशाला लबाड बोलता? माझ्या भावाला नेऊन बांधला की तुमी त्यो, परवा साखरपुड्यात!"

मामांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता आत्या चिडणार, मामा रुसणार आणि पुढची बावीस वर्षं परत कंडक्टरला फराळ. आत्यांच्या हातात भांडणाचा आयता मुद्दा होता. पण त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बापू, तुझं इरकल बार्शीला गेलं रं."

"बार्शीला? तिथं आपलं कोन हाय?"

"कुनीच न्हाय!"

मामा आधी नुसते हलले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं ते आवरेना. आत्याही हसायला लागल्या. हसता हसता मामा त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, आणि मग आत्या एकदम रडायलाच लागल्या. "बावीस वरसं घालवलीस रं बाबा, एका हातापायी!"

"चुकलंच माझं, आक्का," मामा म्हणाले आणि त्यांनी थोरल्या बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकलं. गुलाबी फेटा घसरून आत्यांच्या डोळ्यांवर आला. मलाही रडू फुटलं. पण मी आता अनुभवी होते! रडत रडत मी बटण दाबत होते. समोरून, बाजूनं, कांद्याच्या ढिगावर चढून. खटॅक, खटॅक, खटॅक!

"दाव की, कसा आलाय," मामा म्हणाले.

"छोट्या पडद्यावर खरं कळत नाही, मामा. घरी जाऊन मोठ्यावरच बघायचं," मी अनुभवाचे बोल ऐकवले.

परतताना तुळजापूरच्या स्टँडवर नवरा म्हणाला, "एक तरी दाखव." मी कॅमेरा चालू केला, फोटो बघायचं बटण दाबलं. पडद्यावर दोन शब्द आले: कार्ड नाही.

कार्ड भूमला होतं. लॅपटॉपमध्ये. दाजींच्या शेहेचाळीस फोटोंसकट. आणि हा कॅमेरा कार्ड नसतानाही खटॅक असा आवाज करतो, तो त्याच दिमाखात! (पुस्तकात असणारच. मी बघितलं नाही.) नवरा शेंगा आणायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आत्या बाकावर बसून, मला बावीस वर्षांत कधी ऐकू आली नव्हती अशी ओवी गुणगुणत होत्या.

मी रसवंतीच्या आडोशाला गेले आणि मामींना फोन लावला. सगळं खरं सांगितलं. मामी शांतपणे म्हणाल्या, "म्या काढलाय की एक, मोबाईलवर. लेकीला पाठवायला. चालतोय का बगा."

फोटो आला. पायरीवर भाऊ-बहीण, मोरपंखी साडी, घसरलेला गुलाबी फेटा, डोळ्यांत पाणी आणि दोघांच्याही तोंडभर हसू. मध्ये कुणाचा हात नाही, मागं कुणी दाजी नाहीत. मी तिथंच, आडोशाला उभी राहून, पोटभर रडून घेतलं.

तो मोठा करून, फ्रेम करून आम्ही आठवड्यात तामलवाडीला पोचवला. मामा यंदा भाऊबीजेला स्वतः येणार आहेत, आदल्या दिवशीच. दारी आलेल्या प्रत्येकाला ते भिंतीपुढं उभं करतात आणि सांगतात, "भाचेसुनंनं काढलाय. लई मोठा कॅमेरा हाय तिचा. ह्ये मोबाईलवाल्यांचं काम न्हाय!" मामी तेव्हा चहात साखर ढवळत असतात आणि मान वर करत नाहीत.

ते ऐकून मामांच्या शेजाऱ्यांनी परवा मला फोन केला. त्यांच्या मुलीचं लग्न आहे, मानपानाचे सगळे फोटो तुम्हीच काढायचे, असा आग्रह. मी आधी नको नको म्हटलं, मग हो म्हणून बसले. तयारी जोरात चालू आहे. कॅमेरा पुसून ठेवलाय, दोन कार्डं घेतलीत, आणि त्या दिवसापुरता मामींचा मोबाईलही सांगून ठेवलाय.